बदलते कायदे आणि आपले धंदे

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेने मला बोलण्यासाठी जो विषय दिला, तो ऐकून काही पालकांच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसला. कायदा म्हटले की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात, वकिलाची फी आणि कचेरीचा हेलपाटा. शाळेच्या मेळाव्यात हा विषय कशाला, असे कोणाला वाटले तर त्यात नवल नाही. परंतु मी वीस-बावीस वर्षे लोकांच्या हिशेबाच्या वह्या लिहीत आलो आहे आणि त्या अनुभवावरून सांगतो की, आज धंद्याचा प्रश्न आणि शिक्षणाचा प्रश्न हे दोन प्रश्न राहिलेले नाहीत.

आपल्या समाजातली आडनावेच पाहा ना! बागवान, तांबोळी, अत्तार, मणेर, पिंजारी, शिकलगार, खाटीक. ही नावे नव्हेत, या धंद्याच्या पाट्याच आहेत. आपले पूर्वज नोकरी करून नव्हे, तर हाताच्या कसबावर आणि तोंडच्या शब्दावर जगले. आणि आपला परिसर तरी कसा? पलीकडचे स्टेशन एकेकाळी कुंडल रोड या नावाने ओळखले जाई. त्याच्याजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना उभा केला आणि पुढे त्या स्टेशनाचेच नाव किर्लोस्करवाडी झाले. याच कुंडलमधून प्रतिसरकारचा कारभार चालला. क्रांतिसिंह नाना पाटील आणि आपले जी. डी. बापू लाड यांच्या त्या काळात गावोगाव न्यायदान मंडळे होती, हे वडीलधाऱ्यांनी ऐकवलेले आपल्याला माहीत आहे. मंडळी गावातली, भाषा गावातली, निवाडा सर्वांसमोर. तेव्हा शब्दाला साक्षीदार गाव होता. आजच्या व्यवहाराला साक्षीदार कागद आहे. हा बदल आपण मनाने अजून स्वीकारलेला नाही आणि आपले बरेचसे नुकसान तिथेच होते.

प्रथम माझ्याच घरची गोष्ट सांगतो. माझ्या अब्बांचे छोटे वेल्डिंगचे दुकान होते. अँगल, जाळ्या, लोखंडी घडवंच्या असे काम. १९९५ साली जिल्ह्यातल्या एका मोठ्या आस्थापनेकडून त्यांना बऱ्यापैकी ऑर्डर मिळाली. नाव मी घेणार नाही. रात्री जागून माल केला, टेम्पो भरून पोचवला. चलन म्हणजे एका वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेले चार ओळींचे टिपण, त्यावर घेणाऱ्याची सही नाही. अडतीस हजार रुपये येणे होते. "पुढच्या महिन्यात या" असे ऐकत अब्बांनी दोन वर्षे सायकल मारली. लोखंडाच्या दुकानदाराची उधारी अंगावर आली, अम्मीच्या बांगड्या गेल्या आणि मी अकरावीतून नाव काढून दुकानात बसलो. पुढे बाहेरून परीक्षा देऊन बी.कॉम. झालो, पण ती मधली वर्षे परत आली नाहीत.

आता यातली खरी चुटपुट ऐका. लहान उद्योगांचे पैसे थकवले तर व्याजासह द्यावे लागतील, असा केंद्र सरकारचा कायदा १९९३ सालीच झालेला होता. म्हणजे अब्बा सायकल मारत होते तेव्हा कायदा पुस्तकात हजर होता! तो मला कळला कॉलेजच्या परीक्षेचा अभ्यास करताना, तोवर दाव्याची तीन वर्षांची मुदत उलटून गेली होती. शिवाय आमच्या दुकानाची लघुउद्योग म्हणून नोंदणी नव्हती आणि चलनावर सही नव्हती. कायदा आमच्या बाजूचा होता, पण आम्ही कायद्याच्या वहीत कोठेच नव्हतो.

त्या १९९३ च्या कायद्याची जागा २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने घेतली. त्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल अगर सेवा घेतली तर लेखी करार असल्यास ठरल्या मुदतीत, पण कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास १५ दिवसांच्या आत पैसे चुकते केले पाहिजेत. नाही केले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. तक्रारीसाठी सुविधा परिषद आहे आणि संकेतस्थळावरून घरबसल्या अर्ज करता येतो. याला खरी धार आली ती २०२३ च्या वित्त कायद्याने. १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या नियमांत अशी तरतूद आली की, लहान उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर मोठ्या खरेदीदाराला ती रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी ती वजावट मिळेल. म्हणजे तुमचे पैसे थकवले की त्याचा कर वाढतो. मार्च महिना जवळ आला की मोठ्या कंपन्यांचे हिशेबनीस आता स्वतःहून फोन करून विचारतात, "तुमचा उद्यम क्रमांक काय?" माझ्या अब्बांना कोणी असा फोन केला असता तर!

उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती आधार क्रमांकावर, संगणकावर, विनामूल्य होते. तिच्यासाठी कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर तो तुमच्या अज्ञानाची किंमत घेत आहे असे समजा. १ एप्रिल २०२५ पासून व्याख्याही बदलल्या आहेत. यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असेल तर तो सूक्ष्म उद्योग. आपल्यापैकी बहुतेक सारे यातच बसतात. मात्र एक बारकावा लक्षात ठेवा. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. थकलेल्या पैशांवरचे हे संरक्षण माल तयार करणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. वेल्डर, टर्नर, गाद्या भरणारा, बेकरीवाला, दुरुस्ती करणारा यांनी म्हणूनच ही नोंदणी आधी करावी आणि ऑर्डर नंतर घ्यावी. माल दिल्यावर नोंदणी केली तर वादाला तोंड फुटते.

आता ज्याची सर्वांना धास्ती वाटते त्या जीएसटीकडे वळू. १ जुलै २०१७ ला तो आला तेव्हा आपल्या बाजारात काय गोंधळ उडाला ते सर्वांना आठवतच असेल. त्यातला सर्वांत मोठा बदल २२ सप्टेंबर २०२५ रोजी झाला. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे जाऊन मुख्यतः ५ आणि १८ असे दोनच दर उरले आणि चैनीच्या व घातक वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा वेगळा दर आला. साबण, केसांचे तेल, टूथपेस्ट १८ वरून ५ वर आली. ट्रॅक्टर आणि ठिबकचे साहित्य १२ वरून ५ वर आले. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि नकाशे यांवरचा कर शून्य झाला. किराणा दुकानदाराने आपल्या बिलाच्या यंत्रात हे दर बदलले आहेत का, हे त्याच्याच शाळेत जाणाऱ्या मुलाने तपासून पाहावे. गणिताचा याहून चांगला गृहपाठ नाही.

नोंदणी कोणी करायची? महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्यास वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवा देणाऱ्यास २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. परंतु ही सवलत राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला आहे. आपण सीमेजवळचे लोक. अथणी, चिकोडी, विजापूरच्या गिऱ्हाइकाला करपात्र माल धाडला की ४० लाखांची मर्यादा उपयोगी पडत नाही, पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्याला आणि उत्पादकाला एक टक्का कर भरून मोकळे होण्याची ‘कंपोझिशन’ योजना आहे. त्यात तिमाहीला कर आणि वर्षाला विवरणपत्र एवढेच काम. पण तीत गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही आणि परराज्यात माल पाठवता येत नाही. हे न समजता अनेकांनी ती घेतली आणि पुढे पस्तावले.

ज्यांच्या मालावर कर नाही त्यांनी घाबरण्याचे कारणच नाही. ताजी फळे, भाजी, विड्याची पाने, काचेच्या बांगड्या यांवर कर नाही. केवळ अशाच करमुक्त मालाचा धंदा असेल तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागत नाही. म्हणजे बागवान, तांबोळी आणि मणेर बांधव, तुम्ही निश्चिंत असा. पण निश्चिंत राहणे आणि वही न ठेवणे यांत फरक आहे. जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात काय झाले ते वर्तमानपत्रांत आले होते. मोबाईलवरून जमा झालेल्या पैशांचा हिशेब काढून तिथल्या विक्रीकर खात्याने हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याला २९ लाखांची नोटीस आली. भाजीवर कर नसताना! मोठा ओरडा झाला, दुकाने बंद ठेवण्याचे ठरले आणि अखेर जुनी थकबाकी वसूल करणार नाही असे तिथल्या सरकारने जाहीर केले. त्या घटनेतून काही दुकानदारांनी मोबाईलवर पैसे घेणेच बंद केले. हा उपाय नव्हे. ज्याच्याजवळ रोजची खरेदीची पावती आणि विक्रीची नोंद होती, त्याला उत्तर देणे सोपे होते. ज्याच्याजवळ फक्त मोबाईलमधला जमा आकडा होता, त्याच्या वतीने तो आकडाच बोलला.

शेतकरी पालकांसाठीही एक गोष्ट सांगतो. आपल्या तासगाव-पलूस भागात बेदाणा हे मोठे पीक. शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर कर लागतो की नाही, असा घोळ होता. २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेरच्या जीएसटी परिषदेत तो मिटला. शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी नाही, असे स्पष्ट झाले. व्यापाऱ्याला मात्र तो लागतो.

आणि भंगारवाले बांधव! या भागातल्या फौंड्र्यांमुळे हा धंदा आपल्याकडे चांगला चालतो. १० ऑक्टोबर २०२४ पासून धातूच्या भंगाराचे नियम बदलले आहेत. नोंदणी नसलेल्या फेरीवाल्याकडून नोंदणीकृत व्यापाऱ्याने भंगार घेतले तर त्यावरचा कर व्यापाऱ्याने स्वतः भरायचा आणि मग वजावट घ्यायची. दोघेही नोंदणीकृत असतील आणि व्यवहार अडीच लाखांवरचा असेल, तर घेणारा २ टक्के रक्कम कापून सरकारात भरतो. ती आपल्या खात्यात जमा होते, पण ती उचलून घ्यावी लागते. ज्याला हे माहीत नाही त्याचे दोन टक्के तिथेच पडून राहतात. भंगारात नफा तो केवढा, आणि त्यातले दोन टक्के म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

खाटीक आणि चामड्याच्या धंद्यातील बांधवांविषयी बोललो नाही तर माझे भाषण अपुरे राहील. १९७६ च्या राज्याच्या कायद्याने गायीच्या कत्तलीस बंदी होती. २०१५ मध्ये ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली, परंतु राज्याबाहेरून आलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हशी-रेडे या बंदीत नाहीत. तरीही वाटेत वाहने अडवली जातात, त्रास होतो, अशी तक्रार करून २०२५ मध्ये राज्यातल्या कुरेशी बांधवांनी जनावरांची खरेदीच थांबवली होती. त्यात आपल्याबरोबर जनावर विकणारा शेतकरीही अडचणीत आला. या कायद्याबद्दल माझे-तुमचे मत काही असो, एवढे सांगतो की, बाजार समितीची पावती, पशुवैद्यकाचा दाखला आणि वाहतुकीचे कागद यांशिवाय गाडी हलवू नका. ज्याच्या हाती कागद आहे तो निदान न्यायालयाच्या दारात ताठ उभा राहू शकतो.

कामगारांविषयीचे कायदे तर पुरते बदलले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. आता प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे लेखी पत्र द्यावे लागते. मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. आपल्यातले काहीजण मालक आहेत, बरेचजण कामगार. दोघांनीही हे वाचले पाहिजे. आपला मुलगा पुण्याला कंपनीत लागला तर त्याला पहिल्याच दिवशी विचारा, "बेटा, नेमणुकीचे पत्र मिळाले का?"

दुकानांचा राज्याचा नवा कायदा २०१७ चा. त्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीऐवजी नुसती सूचना देणे पुरेसे केले, आणि ही मर्यादा वीसपर्यंत नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. पाटीच्या बाबतीत मात्र लहान-मोठे असा भेद नाही. २०२२ च्या दुरुस्तीने प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हवी. व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत तेवढी दिली. आपल्याला त्यात जड काय आहे? घरात दखनी बोलू, पण बाजारात आपले तोंड मराठीच आहे. पाटीवरचे शुद्धलेखन तेवढे आपल्या शाळेतल्या मुलीकडून तपासून घ्या.

आता शेवटचा कायदा, आणि तो मी मुद्दाम पालकांसाठी ठेवला आहे. बालकामगारांविषयीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलाला धोक्याच्या कामात ठेवणे हाही गुन्हा आहे. त्यासाठी कैद आणि २० ते ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. स्वतःच्या घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मुलाने मदत केली तर चालते, पण तो धंदा धोक्याचा नसावा आणि त्याची शाळा बुडू नये. ‘शाळा सुटल्यावर’ हे शब्द कायद्याचे आहेत, माझे नव्हेत. उसाचा हंगाम आला, ईदची गर्दी आली की आपल्या वर्गांतली हजेरी कमी होते, हे मुख्याध्यापक तुम्हाला सांगतील.

पालकांची एक तक्रार मला माहीत आहे. "एवढे कायदे पाळायचे तर धंदा कधी करायचा? हिशेबनिसाची फी कोण भरणार?" ही तक्रार खोटी नाही. नियम फार वेगाने बदलतात, संकेतस्थळे ऐन तारखेला बंद पडतात आणि पुरवठादाराने विवरणपत्र भरले नाही म्हणून प्रामाणिक खरेदीदाराची वजावट अडकते. हे मी रोज पाहतो. सरकारच्याही हे काही अंशी ध्यानात आले आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदींमधली शिक्षा सौम्य केली किंवा काढून टाकली. १ नोव्हेंबर २०२५ पासून छोट्या व्यापाऱ्याला जीएसटी नोंदणी तीन दिवसांत मिळण्याची सोय झाली. पण कायदा सोपा होण्याची वाट पाहत बसलो तर पिढी निघून जाईल. तोवर घरात एकजण तरी असा हवा, ज्याला नोटीस वाचता येते.

हा एकजण कोण? माझ्याकडे एका बेकरीवाल्या भावांची वही येते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती पिशवीतून यायची, चुरगळलेल्या पावत्यांचा ढीग. आता ती नीट लावून, तारखेवार येते. चौकशी केली तेव्हा कळले की, त्यांची बारावी वाणिज्यला असलेली मुलगी रोज रात्री अर्धा तास बसून लिहिते. आधीच्या वर्षी विलंब शुल्कापोटी त्यांनी जेवढे पैसे भरले होते, त्यात तिची वर्षाची फी आणि पुस्तके झाली असती. आज ते भाऊ मला म्हणतात, "साहेब, लग्नाची घाई करणार नाही, तिला पुढे शिकवणार." कोणत्या भाषणाने झाले नसते ते त्या वहीने केले!

म्हणून संस्थेला माझी एक विनंती आहे. दर महिन्यातून एक रविवार शाळेचा एक वर्ग उघडा ठेवावा. वाणिज्यचे विद्यार्थी आणि एखादा जाणकार तिथे बसेल. ज्याला नोटीस आली आहे, उद्यम नोंदणी करायची आहे, बिल कसे लिहायचे हे समजत नाही, त्याने यावे. जातीधर्माचा प्रश्न नाही, गावातला कोणीही येवो. मी स्वतः दर महिन्याला येईन, फी घेणार नाही. अर्थात मी सांगितलेले आकडे पाठ करू नका. ते उद्या बदलतील. काही करण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम विचारून घ्या. विचारण्याची सवय लागली तरी पुष्कळ झाले.

अब्बा आता नाहीत. त्यांचे ते वहीचे पान माझ्या कपाटात अजून आहे. खाली सहीची जागा कोरी आहे. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या वडिलांच्या चलनावर ती जागा कोरी राहू नये, एवढे पाहा.